मंगळवारचं तिकीट काढा: परगावच्या मायनर लीग बॉलपार्कला जाताना

अमेरिकेत मायनर लीग बेसबॉल, म्हणजे मोठ्या क्लबांच्या हाताखालच्या संघांचा खेळ, बघायला परगावी जाणार असाल तर माझा पहिला सल्ला वाराबद्दल आहे. मंगळवार किंवा बुधवार पकडा. गुरुवारी बिअर स्वस्त असते, शुक्रवारी आतषबाजी असते, शनिवारी आधी येणाऱ्यांना डोकं हलवणारी बाहुली फुकट मिळते, आणि या तिन्ही दिवशी गावची जत्रा भरलेली असते. मंगळवारी यातलं काहीच नसतं. निम्मा स्टँड रिकामा असतो आणि त्यामुळेच चेंडू कॅचरच्या (आपल्या यष्टिरक्षकासारखा बॅटरमागे बसणाऱ्याच्या) मिटमध्ये, म्हणजे हातमोज्यात, बसल्याचा आवाज दहाव्या रांगेत ऐकू येतो. शॉर्टस्टॉप सेकंड बेसमनला, म्हणजे एक क्षेत्ररक्षक दुसऱ्याला, काय ओरडून सांगतोय ते कळतं. अंपायरशी घातलेली हुज्जतसुद्धा शब्दन् शब्द ऐकू येते.

मी औषध कंपन्यांच्या कारखान्यांची क्वालिटी ऑडिटं करते. घर न्यू जर्सीत, काम जिथे कारखाना असेल तिथे. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदवह्या तपासायच्या आणि संध्याकाळी हायवेलगतच्या हॉटेलात थंड सँडविच खात बसायचं, याला कंटाळून मी बॉलपार्कांत जायला लागले. ऑडिटं आठवड्याच्या मधल्या दिवसांत असतात, म्हणून मंगळवार-बुधवार. सवय अशी लागली असली तरी आता सुट्टीत मुद्दाम गेले तरी मी तेच वार निवडते.

आधी या लीगची रचना समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. मेजर लीगमध्ये ३० क्लब आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली वेगवेगळ्या गावांत चार संघ असतात: वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. म्हणजे एकूण १२०. पूर्वी हे संघ १६० होते. २०२० चा मायनर लीगचा अख्खा मोसम महामारीत रद्द झाला आणि २०२१ मध्ये मेजर लीगने नवी घडी बसवली, त्यात चाळीसहून जास्त संघांचं मोठ्या क्लबशी असलेलं नातं तुटलं. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबून गाडी काढू नका. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला पार्क आहे, संघ आहे, पण तो आता कॉलेजवयीन मुलांच्या लीगमध्ये खेळतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनचा संघ स्वतंत्र अशा अटलांटिक लीगमध्ये आहे. (याच चार्ल्सटनच्या जुन्या संघातून उत्तर प्रदेशचा भालाफेकपटू रिंकू सिंग पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून खेळला होता. २००८ मध्ये तो आणि दिनेश पटेल पिट्सबर्ग पायरेट्सशी करार करणारे पहिले भारतीय ठरले.) आणि सवाना बनानाज (करमणुकीसाठी गावोगाव फिरून खेळणारा संघ) हा प्रकार तर वेगळाच आहे. तो मायनर लीगचा भाग नाही आणि त्याचं तिकीट आयत्या वेळी मिळायचं नावही काढू नका.

आता मुख्य गोष्ट. मायनर लीगच्या संघाचा मालक खेळाडू निवडत नाही. खेळाडू, कोच, मॅनेजर सगळे वरच्या क्लबचे, पगारही तिकडूनच येतो. सकाळी वरून फोन आला की त्याचा सर्वांत चांगला बॅटर दुपारच्या विमानाने निघून जातो आणि मालकाला विचारतही नाही कुणी. म्हणजे 'आम्ही जिंकू' असं आश्वासन त्याला गिऱ्हाइकाला देताच येत नाही. मग तो विकतो काय? संध्याकाळ. हिरवळीवर पसरलेली चादर, मस्कॉटची शर्यत, आइस्क्रीम, टी-शर्ट उडवणारी बंदूक. संघांची नावंही त्याच हिशोबाने ठेवलेली असतात: हार्टफर्ड यार्ड गोट्स, एल पासो चिवावाज, अमरिलो सॉड पूडल्स, रॉकेट सिटी ट्रॅश पांडाज. नाव जितकं चमत्कारिक तितक्या टोप्या खपतात.

हा सगळा तमाशा गावकऱ्यांसाठी आहे आणि त्यांच्या जागी तो बरोबरच आहे; दर आठवड्याला मुलांना घेऊन येणाऱ्याला काहीतरी नवं हवं. आपण एका रात्रीचे पाहुणे. आपल्याला दोन गोष्टी मिळतात ज्या मोठ्या स्टेडियमात मिळत नाहीत: ते गाव, आणि अजून घडत असलेले खेळाडू हाताच्या अंतरावरून. वार, जागा, वेळ, सगळं या दोन गोष्टींसाठी निवडायचं.

कुठल्या पायरीचा सामना बघावा? माझं मत डबल-ए. ट्रिपल-ए मध्ये खेळ सफाईदार असतो, पण तिथे वर जाऊन परत आलेले, पुन्हा बोलावण्याची वाट बघणारे बरेच असतात. चेहऱ्यांवर ते दिसतं. सिंगल-ए मध्ये अठरा-वीस वर्षांची पोरं असतात, चेंडू कुठेही जातो, आणि अंपायर दोनच. एकाने होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) सांभाळायची आणि दुसऱ्याने उरलेलं सगळं मैदान. दुसऱ्या अंपायरची ती पळापळ बघण्यात वेगळीच मजा आहे, मी अनेकदा खेळाडू सोडून त्याच्याकडेच बघत बसते. डबल-ए मध्ये गुणवत्ता आणि कच्चेपणा दोन्ही भरपूर, आणि तिथून थेट मेजर लीगला उडी मारणारेही असतात. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या डबल-ए संघात २०२४ च्या उन्हाळ्यात कुमार रॉकर पिचिंग करत होता. त्याची आई भारतीय वंशाची. त्याच सप्टेंबरमध्ये तो टेक्सास रेंजर्सकडून खेळला, मधे फक्त ट्रिपल-ए चा छोटा मुक्काम झाला. फ्रिस्कोला मराठी घरं पुष्कळ आहेत. उजव्या आउटफील्डमागे (मैदानाच्या बाहेरच्या भागामागे) पोहत पोहत सामना बघता येईल असा पाण्याचा प्रवाह केलेलं पार्क आपल्याच गावात आहे, तर एकदा जाऊन या की.

ट्रिपल-ए ला गेलात तर एक गंमत लक्ष देऊन बघा. बॅटर, पिचर किंवा कॅचरला अंपायरचा बॉल-स्ट्राइकचा (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की नाही याचा) निर्णय पटला नाही तर तो डोक्यावर थाप मारतो आणि मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्यांचा निकाल येतो. हे आधी मायनर लीगमध्ये तावून सुलाखून घेतलं, आणि २०२६ पासून मेजर लीगमध्ये आणलं. पिच क्लॉकचंही (पिचरला चेंडू टाकायला दिलेली वेळ मोजणाऱ्या घड्याळाचंही) तसंच: मायनरमध्ये सगळीकडे २०२२ ला, मेजरमध्ये २०२३ ला. उद्याचे नियम आज बघायचे असतील तर इथे या.

वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीचं आहे. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सलग सहा सामने, सोमवारी जवळजवळ सगळीकडे सुट्टी. मोसम मार्चअखेर-एप्रिलपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. संध्याकाळचे सामने बहुधा साडेसहा-सातला सुरू होतात, रविवारचे दुपारी. पण वेळ संघाच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी पुन्हा बघा, कारण मे महिन्यात मधल्या वारी सकाळी अकराचे सामने असतात. ते शाळांच्या सहलींसाठी. हजारो मुलं एका सुरात किंचाळतात, नऊच्या नऊ इनिंग. मुलांबद्दल माझी तक्रार नाही, पण मिटचा आवाज ऐकायला आलेल्या माणसाने त्या दिवशी गावातलं संग्रहालय बघावं. उलट ज्यांना एका दिवसात दोन पार्कं करायची हौस आहे त्यांना हाच दिवस सोन्यासारखा: सकाळी एक गाव, संध्याकाळी शंभर मैलांवरचं दुसरं.

कोणता पिचर सुरुवात करणार हे संकेतस्थळावर एक-दोन दिवस आधी लागतं. मायनरमध्ये सुरुवातीचा पिचर साधारण आठवड्यातून एकदाच दिसतो, तेव्हा कुणा एकाला बघायचं ठरवलं असेल तर हे तपासूनच हॉटेल घ्या. 'रिहॅब' हा शब्द दिसला की कान टवकारा. दुखापतीतून परतणारा मेजर लीगचा खेळाडू सरावासाठी खाली दोन-चार सामने खेळतो. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला, यांकीजच्या डबल-ए संघाकडून, जून २०२४ मध्ये गेरिट कोलने पिचिंग केलं. आदल्या वर्षीचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता, आणि समोर विशीतली पोरं. अशा दिवशी मंगळवार असो की सोमवारचा अपवाद, गर्दी होणारच. रिवाज असा की रिहॅबला आलेल्या ताऱ्याने सामना संपल्यावर सगळ्या पोरांना चांगलं जेवण द्यायचं.

तिकिटाचं. बहुतेक गावांत पंधरा-वीस डॉलरांत उत्तम जागा मिळते आणि मंगळवारी ती आयत्या वेळीही मिळते. आधी काढून ठेवायची घाई नको, त्याला कारण पाऊस. सामना पावसाने रद्द झाला तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. त्याच मोसमातल्या दुसऱ्या सामन्याचं तिकीट बदलून मिळतं. गावातल्या माणसाला ते चालतं. तुम्ही परवा ओहायोत नसाल, तुम्हाला त्या तिकिटाचा उपयोग शून्य. म्हणून आभाळ बघा आणि दारात जाऊन काढा. ऑनलाइन लागणारं वरचं शुल्कही बऱ्याचदा वाचतं. रद्द झालेला सामना दुसऱ्या दिवशी भरून काढतात, सात-सात इनिंगचे दोन सामने पाठोपाठ, आणि दोन्ही बहुधा एकाच तिकिटात. तुमचा मुक्काम दोन रात्रींचा असेल तर पाऊस फायद्याचाच ठरला.

जागा निवडताना थर्ड बेसची (होम प्लेटमागून बघताना डावीकडची) बाजू मागा. बेसबॉलच्या नियमपुस्तकातच लिहिलंय की होम प्लेटपासून सेकंड बेसकडे जाणारी रेषा शक्यतो पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे बॅटरच्या डोळ्यात मावळतीचं ऊन जाणार नाही. याचा परिणाम असा की उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सूर्य थर्ड बेसच्या स्टँडच्या पाठीमागे येतो आणि फर्स्ट बेसवाल्यांच्या तोंडावर. जुलैत टेक्सासला किंवा अलाबामाला हा फरक चैनीचा नाही, गरजेचा आहे. सगळी पार्कं नियम पाळत नाहीत, तेव्हा नकाशावर दिशा बघून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

किती जवळ बसावं? होम प्लेटच्या मागे जाळीआड, पाचवी ते दहावी रांग. त्या भागात हातात रडार गन आणि मांडीवर वही घेऊन बसलेली, टोपीवर कुठल्याच संघाचं नाव नसलेली माणसं दिसतील. ते स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे. त्यांच्या मागच्या रांगेत बसलं की वेगाचे आकडे आपोआप दिसतात. त्यांच्याशी गप्पा मारायला मात्र जाऊ नका, ती माणसं कामावर आहेत. जाळीच्या पलीकडे, लाइनलगत बसणार असाल तर फोन खिशात ठेवा. फाउल बॉल येतो तेव्हा 'अरे बापरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. हाती लागला तर तो तुमचा, क्रिकेटसारखा परत फेकायचा नाही. शेजारी लहान मूल असेल तर त्याला द्यायचा. सगळा स्टँड टाळ्या वाजवतो.

दारं साधारण तासभर आधी उघडतात. तेव्हाच आत शिरा, कारण हा तास मला प्रत्यक्ष सामन्याइतकाच आवडतो. पिशवी लहान न्या. काही पार्कांत फक्त पारदर्शक पिशवी चालते, आणि पुष्कळ ठिकाणी आत रोख पैसे घेत नाहीत. संघाच्या संकेतस्थळावर 'ए टू झेड गाइड' नावाचं पान असतं, पिशवी, पाण्याची बाटली, पार्किंग सगळं तिथे लिहिलेलं असतं. आत गेल्यावर खेळाडूंच्या नावांचा कागद मागा, मग पूर्ण चक्कर मारा. नव्या पार्कांत मैदानाभोवती पूर्ण गोल फिरता येतं. आणि सामन्याआधी वीसेक मिनिटं बुलपेनपाशी (पिचर अंग मोकळं करतात त्या जागेपाशी) उभे राहा. लहान पार्कांत बुलपेन आउटफील्डच्या लाइनलगत असतं, मधे कमरेएवढं कुंपण. तिथून ताशी ९५ मैलांचा चेंडू, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर, कुशीतून गेल्यासारखा जातो. पिचर उभा असतो तिथून होम प्लेट ६० फूट ६ इंच. आपली खेळपट्टी स्टंपापासून स्टंपापर्यंत ६६ फूट, आणि इथे टप्पा पडत नाही. हे आकडे मला पाठ होते. बुलपेनपाशी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पाय आपोआप एक पाऊल मागे सरकला.

राष्ट्रगीताला उभं राहायचं, टोपी काढायची. सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उठून 'टेक मी आउट टू द बॉल गेम' हे १९०८ सालचं गाणं म्हणतात, तेव्हाही उठा, शब्द पडद्यावर येतात. दर अर्ध्या इनिंगला काहीतरी खेळ होतो: बॅटवर कपाळ टेकवून गोल गोल फिरायचं आणि मग पळायचं, हा सर्वांत जुना. तुम्हाला बोलावलं तर जा. मी जात नाही.

एकटी बाई म्हणून मला कायम विचारतात, भीती नाही वाटत? बॉलपार्कात नाही वाटत. कुटुंबं असतात, म्हातारी जोडपी असतात, उजेड भरपूर. मी कडेची खुर्ची घेते आणि शक्यतो अशा रांगेत बसते जिथे कुणीतरी आजी मांडीवर उशी आणि स्कोअरकार्ड घेऊन बसलीय. मोसमभराचं तिकीट असलेल्या अशा आजी प्रत्येक पार्कात सापडतात. 'इथे चांगलं कोण खेळतं?' एवढंच विचारायचं. मग कोणाची पाठ दुखतेय, कोण होमसिक आहे, कोणाचं परवा लग्न ठरलं, सगळं कळतं. यातल्या काहींनी पूर्वी खेळाडूंना घरात ठेवून घेतलेलं असतं. २०२२ पर्यंत राहण्याची सोय बहुतांश खेळाडूंना स्वतःच करावी लागे आणि गावातली घरं त्यांना आसरा देत. त्या वर्षीपासून जागा देणं क्लबांवर बंधनकारक झालं. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा पहिला करार झाला, त्यात सिंगल-ए चा किमान वार्षिक पगार २६,२०० डॉलर ठरला आणि ट्रिपल-ए चा ३५,८००. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार होता ७,२०,०००. समोरच्या शॉर्टस्टॉपने चेंडूसाठी मातीत झेप घेतली की हे आकडे आठवतात.

स्कोअर लिहायला शिका. माझे बाबा नाशिकहून उन्हाळ्यात आले होते. त्यांनी वर्षानुवर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलेलं. पहिल्या दोन इनिंग त्यांनी चेहरा वाकडा करून काढल्या. तिसऱ्या इनिंगला शेजारच्या आजींच्या कार्डात डोकावले, चौथ्यात माझी पेन्सिल मागितली. 'अगं, हा तर आपल्यापेक्षा सोपा हिशोब आहे. ओव्हरी मोजायलाच नकोत!' प्रत्येक जागेला नंबर: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफील्ड डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून सेकंडला दिला आणि तिथून फर्स्टला, दोन बाद: ६-४-३. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बाद) 'के', आणि बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा काढायचा. त्या उलट्या अक्षरावर बाबा फार खूश होते. भारतात परत गेल्यावर त्यांनी फोनवर विचारलं, त्या पोराचं पुढे काय झालं? हे मात्र ध्यानात ठेवा: मायनरमध्ये एकदा स्कोअर लिहिला की ती नावं पुढे अनेक वर्षं शोधत राहावी लागतात.

खाण्याचं दुखणं शाकाहाऱ्यांना ठाऊकच आहे. प्रेट्झेल, शेंगदाणे, नाचोज, पॉपकॉर्न, फ्राइज, आणि प्लॅस्टिकच्या छोट्या हेल्मेटमधलं आइस्क्रीम, एवढ्यावर रात्र निघते. फ्राइजचं तेल चिकनचंच असू शकतं. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारावं. अंडंही न खाणाऱ्यांनी जेवूनच जावं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल बरोबर असेल तर हार्टफर्डचं पार्क लक्षात ठेवा, २०१९ पासून तिथे शेंगदाणा विकतच नाहीत. ते हेल्मेट घरी न्यायचं असतं, माझ्याकडे त्यात कोथिंबीर लावलीय.

सही हवी असेल तर सामन्याआधी डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या जागेच्या) टोकाशी उभं राहायचं, चेंडू आणि निळं बॉलपेन घेऊन. मार्करची शाई चेंडूच्या कातड्यात पसरते. आधी मुलांना जाऊ द्या. खेळाडूचं नाव कागदावर बघून हाक मारा. या वयात नावाने हाक मारणारी अनोळखी माणसं त्यांना फारशी भेटत नाहीत.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडे येणाऱ्यांना दोन जागा. एक, कोनी आयलंड. ब्रुकलिन सायक्लोन्स, मेट्सचा हाय-ए संघ. सबवेने शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि चालत जायचं. आउटफील्डच्या पलीकडे पॅराशूट जंपचा मनोरा आणि अटलांटिक. वारा समुद्रावरून येतो, जूनमध्येही जॅकेट न्या. दुसरी जागा ब्रिजवॉटर. पार्कच्या शेजारीच न्यू जर्सी ट्रान्झिटचं स्टेशन, आणि गाडीने थोड्या अंतरावर बालाजीचं मंदिर. मंदिराच्या कॅन्टीनमध्ये डोसा खाऊन सामन्याला जायचं. शाकाहाराचा प्रश्न तिथेच सुटतो.

दक्षिणेकडे गेलात तर नॉर्थ कॅरोलिनातलं डरहॅम. ट्रिपल-ए, टँपा बे रेजचा संघ, १९९५ चं पार्क, डावीकडे ३२ फुटी निळी भिंत. त्या भिंतीवर बैलाची मोठी पाटी आहे. होम रनला (आपल्या षटकारासारखा फटका) त्या बैलाच्या नाकातून धूर निघतो. बैलाला चेंडू लागला तर खेळाडूला स्टेक, आणि पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड, असं तिथे लिहिलंय. मी दर वेळी गवताच्या बाजूने. पार्कशेजारच्या तंबाखूच्या जुन्या कारखान्यांत आता कचेऱ्या आणि खानावळी आहेत. गाडी तिथे लावली की संध्याकाळभर चालत फिरता येतं.

अलाबामातल्या माँटगमरीला संघाचं नाव बिस्किट्स, आणि हवेच्या तोफेतून प्रेक्षकांत खरीखुरी बिस्किटं उडवतात. अमेरिकन बिस्किटं, म्हणजे मऊ पावासारखी, पार्ले-जी नव्हे. पार्क जुन्या रेल्वे मालधक्क्यात बांधलंय आणि भिंतीमागून मालगाड्या जातात. तिथून दोन तासांच्या आत बर्मिंगहॅम. तिथला डबल-ए संघ बॅरन्स आता गावातल्या नव्या पार्कात खेळतो, पण पाहुण्याने रिकवूड फील्ड चुकवू नये. १९१० सालचं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं व्यावसायिक बॉलपार्क. वर्णभेदाच्या काळात ब्लॅक बॅरन्स हा कृष्णवर्णीयांचा संघ इथे खेळत असे आणि पुढे मेजर लीग गाजवणारा विली मेज शाळकरी वयात त्याच्या आउटफील्डमध्ये धावला. २० जून २०२४ ला मेजर लीगने मेजच्या सन्मानार्थ तिथे सामना ठेवला होता. मेज दोनच दिवस आधी वारला. बास्केटबॉल सोडून आलेला मायकेल जॉर्डनही १९९४ मध्ये याच गावच्या बॅरन्सकडून खेळला, सरासरी .२०२, म्हणजे पाचांत जेमतेम एक यशस्वी फटका. डबल-ए किती कठीण आहे याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

परतीचं. गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा आणि दाराजवळच्या जागेपेक्षा रस्त्याजवळची जागा घ्या. मंगळवारी दहा मिनिटांत हायवेवर असाल. शुक्रवारी यावंच लागलं तर आतषबाजी संपल्यावर पळू नका, खुर्चीतच बसून स्कोअरकार्ड पुरं करा. लहान मुलांचा घोळका बाहेर पडेपर्यंत चौथ्या इनिंगमधला राहिलेला रकानाही भरून होतो. उशिराने गेलं तर हॉटेलात चहा मिळणार नाही, म्हणून चहाची पुडी आणि दुधाची पावडर पर्समध्ये ठेवा. साखर रिसेप्शनवर असते.